न झाडलेला गोळा

अध्यक्षस्थानी विराजमान आदरणीय मोहनराव, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती रिसालदार विश्वेश्वरसाहेब, पहिल्या रांगेतले त्यांचे वडील चन्नप्पा, माता-भगिनींनो आणि केजकर बंधूंनो, तुम्हा सर्वांना आष्टीच्या रामकिसनचा नमस्कार. साहेबांच्या हाताखाली मी रणगाडा चालवायला शिकलो. अजून फौजेतच आहे, सुटी काढून आलोय.

सुरुवातीलाच एक कागाळी करतो. मघाशी चहा घेताना साहेब माझ्या कानात म्हणाले, "शाल-बिल मला नको. मी लढलोच न्हाई, लोकायला काय सांगू?" यात चन्नप्पांचाही थोडा हात आहे. राग मानू नका अप्पा, पण दुकानात कुणी मुलाची चौकशी केली, की साखर तोलता तोलता तुम्ही सांगता, "आमचा इश्वेश्वर टीव्हीवर लढतो." गिऱ्हाईक हसतं, तुम्हीही हसता. साहेब सुटीवर असले, की आतल्या खोलीत हे ऐकत असतात.

ही टीव्हीवरची लढाई म्हणजे काय? आपल्या बसस्टँडमागं सायबर कॅफे निघालाय. तिथं दोन पोरं दोन संगणकांवर बसून एकाच रस्त्यावर गाड्या पळवतात, तसंच समजा. आमच्या प्रशिक्षण केंद्रात एका खोलीत रणगाड्याचं नुसतं पोट होतं. तीच बैठक, तेच दांडे, आणि समोर पडद्यावर वाळवंट. शेकडो मैलांवर दुसऱ्या छावणीत अशीच खोली, दोन्ही तारेनं जोडलेल्या. वाळवंट मात्र दोघांना एकच. त्या पलीकडच्या खोलीत तोफेवर बंकट असायचा, तेलगावचा. आवाजावरनंच ओळखलं, गडी आपल्याकडचा आहे. तोंड कधी पाहिलं नव्हतं.

एकदा सराव घेताना साहेबांनी पडद्यावर धुळीचं वादळ सोडलं. धुरळ्यात बंकटनं शत्रू समजून माझ्यावरच गोळा झाडला. माझा पडदा लाल झाला आणि आम्ही दोघंही तारेवर पोट धरून हसलो. साहेब हसले नाहीत. सराव थांबवून बंकटला म्हणाले, "तू त्याला मारलंस ना? मग त्याच्या घरी कोन कोन हाय, ते इचार."

बंकट हसतच म्हणाला, "कोन हाय बे घरी?"

मी म्हणालो, "आई हाय, भिवराबाई. ऊस तोडायला गेलीय. कंच्या फडात हाय, मलाबी ठाव न्हाई. तिला सांगायला लई हुडकावं लागंल."

पलीकडचं हसू थांबलं. बोलून गेल्यावर मलाही कसंतरी झालं. पुढं साहेबांनी दंडकच घातला, की आपला माणूस चुकून मारला, तर त्याच्या घरच्यांची विचारपूस करायची. यात फुकट वेळ जातो, अशी काही जण कुरकुर करत.

मग आम्हा दोघांच्याही तुकड्यांची सीमेवर तैनाती झाली. या वेळी वादळ खरं होतं. माझा रेडिओ बंद पडला आणि रस्ता चुकून मी भलत्याच बाजूनं आलो. समोर बंकटची तोफ माझ्यावर रोखलेली, आणि मला याचा पत्ताच नाही. धूळ बसल्यावर तो उतरून धावत आला. आवाजावरनं ओळख पटली, आणि पहिल्यांदा आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं. माझा हात धरून तो म्हणाला, "बटनावर बोट ठिवलतं बे. समोर तू हाईस, हे ठाव न्हवतं. पर तुझी आई आठवली. म्हनलं, जरा धुरळा बसू दे."

जे घडलंच नाही, त्याची बातमी कोण छापणार? त्याला पदकही मिळत नाही. म्हणून साहेब लढले नाहीत, असं म्हणायचं का? मला तरी म्हणवत नाही, कारण मी इथं जिवंत उभा आहे.

आईला हे मी परवापर्यंत सांगितलं नव्हतं. ऐकून एवढंच म्हणाली, "मला केजला घिऊन चल." ती तिकडं खांबाजवळ बसलीय.

अध्यक्षमहोदय, शाल आपल्या हस्ते द्यायची ठरलीय. आगाऊपणा होतोय, पण आज तो मान माझ्या आईला द्यावा. आपण मान हलवलीत, मी आभारी आहे. चन्नप्पा, तुम्ही का उठलात? आईला हाताला धरून आणताय? आणा, आणा.

संयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. फौजी माणूस आहे, कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर घरचा समजून पोटात घाला.

साहेब, आता नको म्हणू नका. आई ठेंगणी आहे, तुम्हाला जरा वाकावं लागेल.