कपिलाची सुट्टी

तुम्ही हसाल राव, पण आमची गाय कंपनीच्या भोंग्यावर घरी यायची. संध्याकाळी भोंगा वाजला की माळावरनं निघायची, कारण वडील कामावरनं आले की पेंड घालायचे.

एका दसऱ्याला आम्ही सगळे भुईमूग उपटत होतो. दिवस मावळला तरी कपिलाचा पत्ता नाही. त्यात ती गाभण, आणि माळावर लांडग्यानं नुकतीच शेजाऱ्यांची शेळी नेलेली. हाका मारून वडलांचा घसा बसला.

एकदम आई म्हणाली, "अवं, आज कंपनी बंद हाय. भोंगा कुठं झालाय?"

वडील बांधावर चढले आणि तोंडाशी हात धरून ओरडले, "भोंऽऽऽ!"

कपिला डुलत डुलत आली. आईनं रडत तिला एक चापट मारली.

"सुट्टी त्यांना हाय, भवाने! तुला न्हाई!"