एका ठोक्याची कोरी जागा

टाइपरायटरची ओळ संपत आली की टिंग वाजायचं बघा, ते मला अजून ऐकू येतं. शहात्तर साल असेल. सांगलीच्या कॉलेजातले एक सर आमच्या जतकडच्या धनगरी ढोलावर संगीताच्या मासिकासाठी लेख लिहीत होते. वाजवून दाखवायला मला बोलावलं होतं. लेख त्याच दिवशी टपालात पडायला हवा होता. टाइप करणाऱ्या बाईंनी तीन प्रती काढल्या आणि घरी जायला पर्स उचलली.

सरांनी मला ढोलाचे बोल वाचून दाखवले.

मी म्हणालो, "सर, सहाव्या ठोक्यानंतर थांबायचं हाय की."

"तिथं तुम्ही चुकत होता, म्हणून मी सरळ केलं. मासिकाला मात्रा सारख्या लागतात."

"चूक न्हाई ती. शिकवणारा माजा चुलता लंगडा हुता. नाचताना पाय उचलाय त्याला येळ लागायचा, तवर ढोल थांबायचा. त्यो गेला, पर आमी अजून थांबतो."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पान पुन्हा टाइप करावं लागेल हो. बाईंची पाचची एसटी आहे."

बाईंनी पर्स खाली ठेवली. कागदांत कार्बन घालून यंत्रावर चढवले.

"वाजवा," त्या म्हणाल्या.

मी टेबलावर वाजवलं. माझं बोट थांबलं, तिथं त्यांनी जागा कोरी सोडली.

"बाई, तुमची एसटी गेली की ओ," मी हात जोडून म्हणालो.

त्यांनी पान सरांना दिलं, पर्स घेतली आणि जिना उतरून गेल्या.