सोमवारचे जीवाणू

मिलोस बेटाच्या धक्क्यावर, तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे मारूसाकाकू होती आणि उथळ समुद्रातल्या गरम झऱ्यांचे जीवाणू तपासणारी एव्हान्थिया.

"काकू, दर सोमवारी माझे जीवाणू दुप्पट झालेले असायचे! वर्षभर डोकेफोड केली मी, हे का होतंय म्हणून!"

"मग?"

"मग काय? काल कळलं, रविवारी तुम्ही माझ्या झऱ्याशेजारीच बोकडाच्या मटणाचं मडकं शिजायला पुरता!"

"माझी सासूही तिथेच पुरायची. वाळू आयती कढत असताना चूल कशाला पेटवू?"

"अहो, पण ते गळतं!"

"झाकण कणकेने लिंपते मी!"

"लिंपूनही गळतं! माझं अख्खं वर्ष पाण्यात गेलं!"

"म्हणजे वर्षभर माझा रस्सा तपासलास?"

"हो!"

"आणि एकदाही जेवायला आली नाहीस?"