मशीनवरचा डाव

ती : महिन्यापूर्वी सांगितलं होतं तुला, रविवारी शिलाई मशीन न्यायला येते म्हणून. टेम्पो खाली उभा आहे. आणि तू मशीनवर बुद्धिबळ मांडून बसलायस.

तो : बसलो कुठे? उभाच आहे कालपासून. हात नको लावूस गं, कालचा डाव आहे तो.

ती : घरात दुसरं टेबल नाही?

तो : खिडकीपाशी एवढंच आहे. मशीन आत दुमडून झाकण लावलं की वर छान सपाट होतं. तू गेल्यापासून पट इथेच असतो.

ती : म्हणजे माझ्याच मशीनवर माझी सवत नांदतेय.

तो : कालचा डाव तुझ्या त्या सवतीशीच होता.

ती : कुणाशी? तुझ्या ग्रँडमास्टरशी?

तो : खुद्द त्याच्याशी. मोठ्या हॉलमध्ये ओळीनं पट मांडले होते. आम्ही सगळे बसलेलो, तो एकटा उभा. एकेका पटासमोर यायचा, चाल करायचा, पुढे सरकायचा. एकाच वेळी सगळ्यांशी.

ती : ज्याची कात्रणं तू आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये चिकटवलीस, तोच ना?

तो : मागची पानं रिकामीच होती.

टेम्पोवाला : ताई, खालूनच विचारतो, वर येऊ का? जिना अरुंद दिसतोय, मशीनला दोघं लागतील. लिफ्ट नाही होय इथं?

ती : नाही दादा. लिफ्ट दुरुस्त करणारा राहतो फक्त. पाच मिनिटं थांबा, हाक मारते.

तो : पाच मिनिटांत नाही होणार.

ती : हरलास ना पण?

तो : हरलो. पण आधी ऐक तरी. तो कसा खेळतो ते तुला माहीत आहे.

ती : पाठ आहे मला. जिथे बाकीचे जपून पाऊल टाकतात तिथे हा उडी घेतो. कुणाला स्वप्नात सुचणार नाही ते काढतो. बरोबरी घेत नाही, शेवटच्या प्याद्यापर्यंत भांडतो. जेवताना ऐकलंय, झोपताना ऐकलंय. माझी आई आजारी होती तेव्हा दवाखान्याच्या बाकावरसुद्धा ऐकलंय.

तो : काल त्यानं मला बरोबरी देऊ केली.

ती : त्यानं?

तो : म्हातारा झालाय गं. बाकीचे सगळे डाव संपले होते, माझा एकट्याचा राहिला होता. हॉलवाले खुर्च्या एकावर एक रचत होते. तो आला, टेबलाला धरून उभा राहिला. पाय दुखत असावेत. म्हणाला, बरोबरी करू या? मी आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारतोय का.

ती : मग घ्यायचीस की. चौकटीत घालून भिंतीवर लावली असतीस.

तो : नाही म्हणालो.

ती : अर्थात. हो कधी म्हणालायस तू कुणाला?

तो : त्याच्याकडूनच शिकलो ते. त्यालाच कसा हो म्हणणार? वाटलं, आता चिडेल. तर हसला. कोट काढला, रचलेल्या खुर्च्यांमधली एक स्वतः ओढत आणली आणि माझ्यासमोर बसला. असल्या खेळात ते लोक बसत नाहीत कधी, फिरतच असतात. तो बसला. निम्मे दिवे घालवले होते. आम्ही दोघंच. मग त्यानं हा हत्ती माझ्या प्याद्याच्या तोंडी दिला. सरळ फुकट. मी कितीतरी वेळ विचार करत राहिलो आणि तो थांबला. मी काय करतो ते बघत. आयुष्यात कुणी माझ्याकडे इतकं लक्ष देऊन पाहिलं नसेल.

ती : मी पाहिलंय. तेव्हा तुझी पाठ असायची माझ्याकडे.

तो : असेल. काल घरी आलो, दार उघडलं आणि तसाच उभा राहिलो. इतकं मोठं काहीतरी घडलं आणि सांगायला कुणी नाही. फोनमधली नावं वर-खाली केली. निम्मे तर ज्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतो त्या इमारतींचे वॉचमन. शेवटी तुझ्या नावावर थांबलो.

ती : पण केला नाहीस.

तो : आज तू येणारच होतीस. म्हणून मांडून ठेवला.

ती : काय म्हणालास मघाशी, तो फिरत होता? एक चाल करायची आणि पुढे सरकायचं?

तो : हो. तशीच पद्धत असते.

ती : तू माझ्याशी अगदी असाच भांडायचास. दाढी करताना एक वाक्य, डबा भरताना दुसरं, बूट घालताना तिसरं, की दार बंद. मी आपली ओट्यापाशी उभी, उत्तर तयार करून. तू परत येईपर्यंत संध्याकाळ झालेली असायची, आणि मी गप्प दिसले की तुला वाटायचं, जिंकलो. त्याचं सगळं उचललंस तू. बसायचं तेवढं राहिलं.

तो : तो बसतो, हे मलाही कालच कळलं गं.

(खुर्ची ओढल्याचा आवाज.)

ती : आता बसून काय करतोस?

तो : तुझ्या शिलाईच्या दुकानावरून झालं ते शेवटचं भांडण. मी बूट घालून निघालो होतो. तू जिन्यात काहीतरी म्हणालीस. काय म्हणालीस?

ती : वर्ष झालं त्याला.

तो : सांग ना.

ती : म्हणाले, दुकान ताईच्या गावात घेते, पण शनिवार-रविवार इथे येत जाईन. तू नुसतं ठीक आहे म्हण.

तो : मला ऐकूच आलं नाही.

ती : कसं येणार? जिन्यात तुझे बूट वाजत होते.

तो : आणि आता म्हटलं, ठीक आहे, तर?

ती : आता नाही रे. दुकानाच्या वरच खोली घेतलीय. संध्याकाळी शटर ओढते, वर जाते, एकटीच जेवते. आधी घास गिळवत नव्हता, रडू यायचं. आता येत नाही. ते पुन्हा पहिल्यापासून नको मला.

तो : बरं.

ती : वाद नाही घालणार?

तो : नाही.

टेम्पोवाला : ताई, आलोच मी, खाली गाडी लावू देत नाहीत. हा पट कुठं ठेवू?

तो : थांबा. मी काढतो.

ती : मोडेल ना सगळं. आधी दाखव मला, हत्ती कुठे दिला त्यानं.

तो : हा, इथे. आणि मी या प्याद्यानं घेतला.

ती : घ्यायला नको होता?

तो : न घेताही हरलोच असतो. पण मी घेतला तेव्हा तो इतका खूश झाला म्हणून सांगू.

ती : तूही झालेला दिसतोयस. दादा, उचला आता. चाकाच्या बाजूनं मी धरते.

टेम्पोवाला : आणि हे स्टूल? मशीनचंच ना ताई?

ती : ते राहू दे. कुणी आलंच खेळायला, तर बसेल कशावर.