अकरा ग्राहकांना गेलेला मेल

मावशी : अरे, एका जागी बस ना जरा. मघापासून माझ्या टेबलाभोवती फेऱ्या मारतोयस.

भाचा : बसलो की डोकं जास्त चालतं. तू ते बटण पुन्हा दाब बरं.

मावशी : दाबलं. 'ओळख पटली नाही' म्हणतोय. घ्या, आता कॉम्प्युटरचाही माझ्यावर विश्वास नाही.

भाचा : पासवर्ड मी चुकीचा टाकला, मावशी. तुझ्याबद्दल काही नाही त्यात.

मावशी : आठवडाभर सगळे हेच म्हणतायत, तुमच्याबद्दल काही नाही, बाई. मग कपाटाच्या किल्ल्या का काढून घेतल्या माझ्याकडून? मी गेले की कटिंग मशीनवरची माणसं बोलायची थांबतात. अठरा वर्षं या खोक्यांच्या कारखान्याची बिलं करतेय मी. आणि माझ्या नावाने अकरा ग्राहकांना मेल जातो, की कारखाना बंद होतोय, खोकी दुसरीकडून घ्या. मालकीणबाईंना वाटतं, सुट्टीवरून आमचं वाजलं होतं, म्हणून मी रागाच्या भरात पाठवला.

भाचा : असं म्हणाल्या त्या?

मावशी : म्हणाल्या असत्या तर उत्तर तरी देता आलं असतं. नुसतं विचारलं, त्या दिवशी सकाळी तुम्ही कॉम्प्युटरवर होतात ना? होते. रोजच असते. मग तुला बोलावणं गेलं, बिलांच्या सॉफ्टवेअरमधून मेल पाठवायला कुलूप लावून द्या म्हणून. ते कुलूप कुणासाठी, ते कळतं मला.

भाचा : कुलूप सगळ्यांसाठी आहे. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, वर फोनवर कोड. तो टाकल्याशिवाय मेल हलणार नाही, आणि वाटेत कुणाला वाचताही येणार नाही. मावशी, त्या मेलची नोंद सापडलीय मला.

मावशी : कधी?

भाचा : पाऊण तास झाला.

मावशी : आणि पाऊण तास तू फेऱ्या मारतोयस.

भाचा : तुझ्या कॉम्प्युटरवरून नाही गेला तो. बाहेर पाहुणे बसतात ना, तिथल्या वायफायवरून गेलाय, कुणाच्या तरी लॅपटॉपवरून. कोण होतं ते आता नाही कळायचं.

मावशी : म्हणजे मी सुटले.

भाचा : सुटलीस.

मावशी : मग तुझा चेहरा का उतरलाय?

भाचा : बाहेरच्या माणसाला तुझं नाव वापरता आलं, कारण आपला मेल पाठवणारा सर्व्हर कुणाला काही विचारतच नव्हता. हवं ते नाव टाका, पाठवून द्या. नऊ वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा ओळख विचारणं मीच बंद केलं होतं. चाचणीपुरतं. दोन दिवसांत पुन्हा चालू करणार होतो.

मावशी : आणि?

भाचा : राहून गेलं.

मावशी : मी शब्द टाकला होता तुझ्यासाठी. मोठमोठ्या कंपन्यांची माणसं बाहेर येऊन बसली होती, आणि मी आत जाऊन सांगितलं, माझ्या बहिणीचा मुलगा आहे, काम चोख करतो.

भाचा : माहितीय मला. आणखी पाच ठिकाणी मी असंच बसवून दिलंय. इथे बोललो की तिथेही कळणार. मेल बाहेरच्या माणसाने पाठवला, एवढंच सांगितलं तरी तू सुटतेस. खोटं नाही ते.

मावशी : नाही, खोटं नाही.

भाचा : मग काय करू?

मावशी : मला विचारू नकोस. मी म्हटलं म्हणून बोललास, तर ते माझं बोलणं झालं. आधी तो पासवर्ड नीट टाक.

(मालकीणबाई दारात येतात.)

मालकीण : झालं का? आत्ता आणखी एकाचा फोन आला, कारखाना चालू आहे ना, म्हणून.

भाचा : तो मेल मावशीच्या कॉम्प्युटरवरून गेला नव्हता. पाहुण्यांच्या वायफायवरून गेला. ही नोंद बघा.

मालकीण : बाहेरचा माणूस आमच्या नावाने कसा पाठवेल?

भाचा : माझ्यामुळे. सर्व्हरने ओळख विचारायची, ती सोय मी बंद केली आणि पुन्हा चालू करायची विसरलो. नऊ वर्षं तशीच होती.

मालकीण : तुम्ही यांचे भाचे. मावशीला वाचवायला बोलत नाही कशावरून?

भाचा : नोंद दुसऱ्या कुणाकडूनही तपासून घ्या. आज संध्याकाळी आणखी पाच ठिकाणी जाऊन मला हेच सांगायचंय. कुणाला वाचवायला इतकं करत नाही कुणी.

मालकीण : बघू ती नोंद. हं. या वायफायचा पासवर्ड बाहेर भिंतीवर मीच चिकटवलाय, पाहुण्यांची सोय म्हणून. पुढचं काम तुमच्याकडे ठेवायचं की नाही, ते नंतर ठरवेन. आत्ता हे चालतंय का?

मावशी : चालतंय. चाचणीचा मेल गेला आत्ताच.

मालकीण : मग माझं लॉगिन करून द्या. कोड या फोनवर येऊ दे. बाई, जरा उठता? मला बसू द्या तिथे.

मावशी : तुम्ही सांगा, मी टाइप करते. रोज मीच करते ना.

मालकीण : हे मलाच करायला हवं. आधी कारखान्यातल्या सगळ्यांना जाऊ दे, ग्राहकांना मग. 'बाईंवर मी संशय घेतला. तो चुकीचा होता. त्याबद्दल मी सगळ्यांसमोर त्यांची...' बाई, क्षमामधला क्ष कुठे असतो?

मावशी : शिफ्ट दाबून धरा, आणि सात.