अप्पांची अर्धी दाढी

चहा येईपर्यंत या किश्श्याचे पाठभेद सांगून टाकतो. उमरग्याकडे यात दाढीच्या जागी सोनाराकडून कान टोचणे येते. तामलवाडीच्या पाठात शेवटी कॅमेराच फुटतो. दोन्ही पाठ मागाहूनचे समजावेत, कारण निजामी अमलात तुळजापूरच्या बाजारात हे घडले तेव्हा मी तेथे उभा होतो.

माझे छायाचित्रकार स्नेही दिगंबरराव यांना बाजारातले रोजचे जीवन टिपायचे होते. पण ज्याच्यापुढे कॅमेरा धरावा तो काम टाकून, पटका बांधून ताठ बसे. त्यात फोटो उमटवायच्या सगळ्या काचा संपून एकच उरली. लिंबाखाली सदू न्हावी शिवलिंगअप्पांची दाढी करीत होता. रावांनी कॅमेरा रोखला, काच चढवली आणि बजावले, "मी भिंगावरचे टोपण काढून परत बसवेन, की फोटो निघाला. तोवर हलू नका."

अप्पा ताडकन उठले. "अर्ध्या दाढीचा फोटू? पाव्हण्यारावळ्यांत हसं व्हईल! पुरी होऊ द्या, पटका बांधतो, मग काढा."

"अहो, मला अर्धीच हवी आहे!"

"मग तुमीच बसा की!"

"बसतो! यात लाजण्यासारखे काय आहे, बघाच!" राव चिडून त्यांच्या जागी बसले. सदूने सवयीने फेस लावला, एका गालाची दाढी उतरवली आणि वस्तरा गळ्याशी आणला.

अप्पा कॅमेऱ्यापाशी गेले. "टोपण काढून परत बसवायचं, एवढंच न्हवं?"

रावांचे डोळे विस्फारले. पण गळ्यावर वस्तरा असताना ओरडावे कसे?

"हलू नगा, साहेब," सदू म्हणाला.

अप्पांनी टोपण काढले आणि सावकाश परत बसवले.