मापात न बसलेला ताप

मुबीना : अब्बा, वेगळा आहे! तुमचा वेगळा निघाला!

इलियास : आधी चप्पल काढ, सॅक खाली ठेव. माझं काय वेगळं निघालं?

मुबीना : तुमच्या नाकातला विषाणू! लस घेऊनही तुम्ही तापाने फणफणला होतात तेव्हा नाकात काडी घालून मी नमुना नेला होता ना लॅबमध्ये? आज त्याची जनुकं वाचून झाली. यंदाच्या फ्लूच्या लशीत जो विषाणू वापरलाय, त्याच्या शेजारी लावून पाहिली. अब्बा, मी उठले आणि मॅडमना हाताला धरून स्क्रीनपाशी आणलं!

इलियास : बाप आठवडाभर कण्हत पडला होता आणि लेक नाचतेय. माशाल्लाह.

मुबीना : नाचणारच! लशीने शरीराला विषाणूची जी खूण पटवलेली असते ना, नेमका तिथेच बदल झालाय. एका ठिकाणी नाही, चार-पाच ठिकाणी.

इलियास : जा, मोहल्ल्यात सांग. सगळे टाळ्या वाजवतील. शहजाद शेजारी असून मशिदीच्या पायरीवर सगळ्यांसमोर काय म्हणाला, माहितीये? "इलियास टेलरने आपल्याला पाणी टोचलं." कॅम्प मी भरवला, मुबी. घरोघर मी फिरलो. माझी मुलगी लॅबमध्ये आहे, माझी गॅरंटी, लस घ्या म्हणालो. आता टोचून घेतलेलेच तापाने पडलेत. मी अर्धं शटर ओढून आत शिवत बसतो. कुणाला तोंड दाखवायची शरम वाटते.

मुबीना : पण ते पाणी नव्हतं, तेच सांगतेय! लस तयार व्हायला कितीतरी महिने जातात. म्हणून कुठल्या विषाणूविरुद्ध करायची ते आधीच ठरवावं लागतं. आणि मधल्या काळात हा पठ्ठ्या बदलला!

इलियास : म्हणजे दिवाळीत मापं घेतली आणि जूनमध्ये गणवेश दिले.

मुबीना : काय?

इलियास : अगं, मध्ये पोरगं वाढतं. मग त्याची आई दुकानात येऊन भांडते, "काय शिवलंय हे, बटण लागत नाही!" शिवण चांगलीच असते. माप जुनं असतं.

मुबीना : अब्बा! हे मी आमच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे!

इलियास : सांग, सांग. म्हणजे मी लोकांना फसवलं नाही?

मुबीना : मुळीच नाही. आणि लस वाया पण नाही गेली. गणवेश घट्ट झाला तरी पोरगं उघडं थोडंच फिरतं? पुष्कळांचा ताप हलक्यात गेलाय. पण...

इलियास : आलाच "पण".

मुबीना : पण एका माणसाच्या नमुन्याने काही सिद्ध होत नाही. एकच पोरगं वाढलं म्हणून तुम्ही अख्ख्या वर्गाची मापं बदलाल का? पुढची लस कशी करायची ते ठरवणारी जगभरची मंडळी याच महिन्यात बसतायत. लस घेऊनही ज्यांना ताप आलाय त्यांचे नमुने हवेत, तेही ताप ताजा असताना. मॅडम म्हणाल्या, आणलेस तर सगळं बाजूला ठेवून तुझेच लावते. मी बर्फाचा डबा घेऊनच आलेय!

इलियास : मग जा ना. उशीर कशाला?

मुबीना : येताना शहजादचाचांकडे गेले होते. "एकदा टोचलंत तेवढं बस झालं" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

इलियास : माझ्यामुळे.

मुबीना : तुम्ही चला माझ्याबरोबर.

इलियास : मी? माझा चेहरा बघून तर कडीसुद्धा घालतील.

मुबीना : गुरुवारी हजला निघताय. जाण्याआधी सगळ्यांच्या दारी जाऊन "कहा-सुना माफ" म्हणायचं असतं ना? ते कधी म्हणणार?

इलियास : फोनवरून म्हणणार होतो.

मुबीना : फोनवरून! अब्बा!

इलियास : ओरडू नकोस. तुझे दादा, म्हणजे माझे अब्बा, हजला निघाले होते तेव्हा पार उरणपर्यंत गेले होते, एका माणसाची माफी मागायला. माहितीये मला. लोकांचं दिल दुखावून गेलो, तर तिथे कुठल्या तोंडाने उभा राहू? दे, माझी टोपी दे.

मुबीना : तुम्ही माफी मागा, मी नाकात काडी घालते!

इलियास : हे असं कुणाच्या दारात बोलू नकोस म्हणजे झालं. आणि आधी कोळीवाड्यात जाऊ, सोनाबाईकडे. तिच्या नवऱ्याला, काशिरामला, मी हाताला धरून लायनीत उभं केलं होतं. सगळ्यात मोठं नुकसान त्यांचं झालंय.

(कोळीवाड्यात, सोनाबाईच्या दारात.)

सोनाबाई : आज मासली नाय, इलियासशेट. होरी दर्यात गेली, पन ह्यांच्याबिगर गेली. पुनवेला दर्याला नारल दिला आनि सांजच्याला हे तापानं कापाया लागले.

इलियास : मासळीला नाही आलो, सोनाबाई. हजला निघतोय. आमच्यात जाण्याआधी, ज्यांना दुखावलं असेल त्यांची माफी मागून जातात. काशिरामला लशीसाठी मी गळ घातली होती. मला माफ करा.

सोनाबाई : तुमी बोललाव म्हनून घेतली आमी. डाक्टर बोलला असता त नसती घेतली! आनि झालं काय? वर्साची पैली खेप हातची गेली. आता माफीचं काय लोनचं घालू?

इलियास : बोला, तुमचा हक्क आहे. माझ्याजवळ दुसरं द्यायला काही नाही.

मुबीना : मावशी, मी सांगू का? लशीने अंगाला ताप ओळखायला शिकवलं होतं. पण आला तो रूप बदलून आला. म्हणून अंगाने त्याला पटकन ओळखलं नाही. अब्बांच्या तापात तेच सापडलंय. काशिरामकाकांच्या नाकातून या काडीवर थोडंसं घेऊ देता का?

सोनाबाई : काडी घातलीस त ह्यांचा ताप उतरंल?

मुबीना : नाही.

सोनाबाई : मंग पुढल्या वर्साची सुई त बरोबर येल?

मुबीना : तशी गॅरंटी अब्बांनी दिली होती, मी नाही देणार. पण हा बदललेला ताप पनवेलमध्ये घरोघर आलाय, हे लस ठरवणाऱ्यांना कळायला तर हवं! तुम्ही दिलंत तर कळेल.

सोनाबाई : तुमची पोर खोटं नाय बोलत, शेट.

इलियास : माझ्यासारखी गॅरंटी वाटत नाही फिरत.

सोनाबाई : ह्यांची घे. ते हितंच ओटीवरल्या खाटेवर पडलेत, 'नको' नाय बोलायचे. आनि... माजी पन घे.

मुबीना : तुम्हालाही ताप आहे?

सोनाबाई : कालपासून हाय. कुनाला बोलले नाय. तापल्या बाईकडची मासली कोन घेल? डोक्याला ओला पदर लावून बसले काल बाजारात.

मुबीना : एकाच घरात दोघं, दोघांनी लस घेतलेली! मावशी!

इलियास : मुबी, त्या बाईला ताप आलाय आणि तू खूश काय होतेस?

मुबीना : सॉरी, सॉरी! मावशी, मान अशी मागे करा. डोळ्यांत पाणी येईल जरा.

सोनाबाई : आये! मेंदवाला लागली गो तुजी काडी!

मुबीना : झालं! काका, आता तुमची. हलू नका हां... झालं, झालं! दोन्ही बर्फात. आता बाजारात बसायचं नाही, आणि दोघांनी आजच डॉक्टरकडे जायचं. अब्बा, पळा, शहजादचाचांकडे!

इलियास : चल. सोनाबाई, माफीचा जबाब आज नाही दिलात तरी चालेल. परत आल्यावर पुन्हा येईन.

सोनाबाई : कुठं निघालाव? आत या, बसा, पानी तरी घ्या. मगाधरनं उंबऱ्याभायेर उभं ठेवलं तुमाला, ते तुमी मना माफ करा.